सूर्यास्त ६ वाजून १४ मिनिटांनी



फेब्रुवारीत दिल्लीला जायचं ठरलं, तेव्हा घरातल्या प्रत्येकानं आपापल्या परीनं तयारी सुरू केली. यांनी रेल्वेचं ॲप उघडलं. वन्संनी बघायच्या जागांची यादी पाठवली, चार दिवसांत बावीस ठिकाणं. आणि मी दिल्लीत सूर्य किती वाजता मावळतो ते बघितलं.

हसू नका. तुमच्यापैकी बऱ्याच जणींच्या घरी हेच पहिलं बघावं लागतं, मला माहीत आहे. बाकीच्यांची सहल हॉटेलपासून ठरते, आपली सूर्यास्तापासून. ती वेळ एकदा कागदावर लिहिली की मग गाडी, खोली, लाल किल्ला, सगळं तिच्या मागून येतं.

खरं तर आधी नाताळच्या सुट्टीत जायचं चाललं होतं, कारण यांना तेव्हा रजा सोपी पडते. पण दिल्ली आपल्यापेक्षा फार उत्तरेला, त्यामुळे थंडीत तिथला दिवस चांगलाच आखूड असतो. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तिथे साधारण ५ वाजून ३१ मिनिटांनी सूर्यास्त होतो. आपल्याकडे सांगलीत तेव्हा सहा वाजून जातात. आमच्या सासूबाई सूर्यास्ताआधी दोन घडी जेवण उरकतात. दोन घडी म्हणजे ४८ मिनिटं. करा हिशोब: पावणेपाचच्या आत हात धुऊन मोकळं व्हायचं. सकाळी तिथे सात वाजून गेल्यावर सूर्य उगवणार, त्यानंतर दोन घडी, म्हणजे आठला पहिलं पाणी. आठ ते पावणेपाच या वेळात दर्शन, दोन वेळचं जेवण आणि दिल्ली, एवढं सगळं बसवायचं. वर धुकं. उत्तरेतल्या गाड्या त्या दिवसांत तासन् तास खोळंबतात. मी सरळ सांगितलं, डिसेंबर नको. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्यास्त ६ वाजून १४ मिनिटांपर्यंत जातो. दिवसाला पाऊण तास जास्त मिळतो. आमच्यासारख्यांना पाऊण तास म्हणजे एक अख्खं स्थळ.

आता हे सगळं ज्यांच्यासाठी, त्यांचं सांगते. सासूबाई शहात्तर वर्षांच्या आहेत. रात्रिभोजन नाही, कंदमुळं नाहीत, पाणी गाळून उकळलेलं, आणि देवदर्शन झाल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही, हे त्यांचे नियम मी लग्न होऊन आले त्याआधीपासूनचे. नियमांबद्दल त्या कधी बोलत नाहीत, कुणावर लादत तर नाहीतच. पण गेली बारा वर्षं कुठे जायचं म्हटलं की एकच उत्तर: "तुम्ही जाऊन या. माझ्यापायी तुमचा खोळंबा कशाला?"

बारा वर्षं का, तर त्याआधी आम्ही एका यात्रा कंपनीबरोबर गेलो होतो. जाहिरातीत ठळक लिहिलं होतं, जैन भोजनाची सोय. दुपारी वाटेत बस तीन ठिकाणी थांबवली, दोन ठिकाणी खरेदीसाठी. जेवणाच्या जागी पोचलो तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. सासूबाई सकाळी दहाला जेवल्या होत्या. मधे गाडीत "मला भूक नाही" म्हणाल्या आणि माळ घेऊन बसल्या. दुसऱ्या दिवशी दर्शन होऊन पाण्याचा घोट घेतला तेव्हा सव्वानऊ वाजले होते. तेवीस तासांहून जास्त, आणि त्यातले निम्म्याहून अधिक तास पाण्यावाचून. व्यवस्थापक म्हणाला, "एक दिवस चालतं की मावशी, प्रवासात देव माफ करतो." त्यांनी उत्तर दिलं नाही. पण तेव्हापासून प्रवास सोडला.

म्हणून या वेळी मी त्यांना "चला ना" असं म्हटलंच नाही. आधी सगळं ठरवलं, कागदावर मांडलं आणि तो कागद त्यांच्यापुढे ठेवला. आग्रहानं त्या मानत नाहीत. हिशोबानं मानतात. दुकानदाराच्या घरच्या आहेत शेवटी.

पहिलं बुकिंग धर्मशाळेचं केलं, गाडीचं नव्हे. क्रम उलटा वाटेल, पण सकाळचं दर्शन पायी चालत व्हायला हवं. ते झालं की बाकी दिवस सुटतो. जुन्या दिल्लीत आपल्या समाजाची वस्ती पूर्वापार आहे, मंदिरं आहेत, धर्मशाळा आहेत. मी तीन ठिकाणी फोन केले. पहिल्या ठिकाणी उत्तर मिळालं, "आ जाइए, मिल जाएगा कमरा." बायांनो, "आ जाइए" म्हणजे बुकिंग नव्हे. त्यांच्या मनात काही खोट नसते, पण फेब्रुवारीत लग्नसराई असते, एखादं वऱ्हाड आलं की आपण दारात बॅगा घेऊन उभ्या. दुसऱ्या ठिकाणी खोली तिसऱ्या मजल्यावर होती आणि लिफ्ट नव्हती. तिसऱ्या ठिकाणी तळमजल्याची खोली मिळाली. आगाऊ रक्कम भरली, पावती मोबाईलवर मागवली, ती छापून पिशवीत ठेवली. कुणाशी बोलणं झालं ते नाव आणि तारीख पावतीच्या मागे लिहिली.

फोनवर फक्त खोली विचारून थांबू नका. भोजनशाळा आहे का, सकाळी किती वाजता सुरू होते, संध्याकाळचं ताट शेवटी किती वाजता मिळतं, त्यासाठी कूपन आदल्या दिवशी घ्यावं लागतं की त्याच सकाळी, प्यायला उकळलेलं पाणी देतात का, हे विचारा. आणि खुर्चीचा संडास आहे का, हेही. लाजू नका. गुडघे दुखणाऱ्या माणसाची सगळी यात्रा तिथेच अडते.

चांदणी चौकातल्या मुख्य रस्त्यावर सकाळी ९ ते रात्री ९ मोटारगाड्यांना बंदी असते. सायकलरिक्षा चालतात. सामान आणि वयस्क माणूस घेऊन त्या भागात उतरायचं असेल, तर नऊच्या आत पोचलेलं बरं. गाडी निवडताना मला याचा उपयोग झाला.

गाडी आम्ही गोवा एक्सप्रेस घेतली. आपल्या मिरजेवरून रोज जाते, रात्री बसायचं, मधला एक दिवस गाडीत, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी हजरत निजामुद्दीन. रविवारी रात्री निघायचं असं मी ठरवलं आणि त्यामागे कारण आहे. दिल्लीत सोमवारी अर्धं गाव बंद असतं: लाल किल्ला बंद, राष्ट्रीय संग्रहालय बंद, अक्षरधाम बंद, कमळ मंदिर बंद. रविवारी रात्री बसलं की हा सोमवार गाडीतच जातो. मंगळवारी सकाळी उतरलो की सगळं उघडं. (आग्र्याला जाणाऱ्यांनी शुक्रवार टाळायचा, ताजमहाल शुक्रवारी बंद असतो.)

आपल्या सुट्ट्या वेगळ्याच. कॅलेंडरवर मी सोमवारांना लाल गोल केले आणि अष्टमी-चतुर्दशीला हिरवे. आधी धरलेल्या आठवड्यात चतुर्दशी नेमकी गाडीतल्या सोमवारी येत होती. सासूबाईंचं त्या दिवशी एकाशन असतं. त्या म्हणाल्या, "बरंच की, गाडीत एकाशन सोपं पडतं, खायची कटकट नाही." मला ते पटलं नाही. शहात्तराव्या वर्षी रात्रभर हलत्या गाडीत, आणि वर एकदाच जेवण? आठवडा पुढे ढकलला. आता अष्टमी बुधवारी येते. त्या दिवशी कुठे लांब जायचंच नाही.

रेल्वेचं आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी उघडायचं, १ नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आलं आहे, प्रवासाचा दिवस सोडून. सकाळी ८ वाजता सुरू होतं. खालच्या बर्थसाठी एक गोष्ट लक्षात ठेवा. साठीच्या पुढचे पुरुष आणि ४५ वर्षांच्या पुढच्या बायका यांच्यासाठी खालच्या बर्थचा वेगळा कोटा असतो, पण तो तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असतील तर. चार-सहा जणांचं एकत्र तिकीट काढलं की तो विचारात घेतला जात नाही, आणि मग आजी वरच्या बर्थवर. म्हणून मी दोन तिकिटं काढली. सासूबाई आणि मी एकावर, हे आणि वन्सं दुसऱ्यावर. आम्हा दोघींना खालचे मिळाले. हे अजून साठीच्या आत आहेत, त्यांना मधला मिळाला. कुरकुर चालू आहे.

पाण्याचं गणित मला फार आवडलं, कारण ते आपोआप जुळलं. उकळलेल्या पाण्याची मर्यादा चोवीस तास. नुसत्या गाळलेल्याची दोन घडी, लवंग घातलेल्याची सहा तास. गाडीत किटली लावायला मनाई आहे आणि ती असायलाच हवी. रविवारी संध्याकाळी सूर्यास्ताच्या सुमारास घरी पाणी उकळायचं, दोन मोठ्या थर्मासमध्ये भरायचं, ते सोमवारी सूर्यास्तापर्यंत चालतं. त्यानंतर त्या पाणी घेतच नाहीत. मंगळवारी सकाळी धर्मशाळा. म्हणजे संपूर्ण प्रवासात बाहेरचं पाणी एक थेंबही लागत नाही.

गाडीतल्या सोमवारी दर्शन होणार नाही, हा एकच प्रश्न उरला. त्यावर सासूबाईंनी स्वतःच तोडगा काढलेला आहे, जुना: ज्या दिवशी दर्शन चुकतं त्या दिवशी एक रस सोडायचा आणि णमोकार मंत्राच्या माळा वाढवायच्या. या वेळी त्या गोड सोडणार. तेव्हा राजगिऱ्याचे लाडू आम्हा तिघांना. त्यांच्यासाठी खाकरे, मेतकूट, बिनलसणाची शेंगदाण्याची चटणी, मोसंबी. पीठ घरचं, चार दिवसांतलं. थंडीत पिठाची मर्यादा सात दिवस असते, तेव्हा तेही बसतं.

आता वन्संची बावीस ठिकाणं. फोनवर त्यांच्याशी थोडं वाजलंच. त्या म्हणाल्या, "एवढ्या लांब जायचं आणि दिवसाला एकच जागा?" मी म्हटलं, मोठी जागा दिवसाला एकच. सकाळी दर्शन, साडेदहाला भोजनशाळेत पोटभर जेवण, अकराला बाहेर, पाचच्या आत ताटावर परत. मधल्या सहा तासांत जाण्यायेण्याचे दोन काढा. त्या पाच मिनिटं बोलल्या नाहीत, मग कुतुबमिनार की हुमायूनची कबर यावर आल्या.

मंगळवार, उतरण्याचा दिवस, अंघोळ, दर्शन, विश्रांती. दुपारी चार पावलांवर जे असेल ते.

बुधवार, अष्टमी. लाल किल्ल्यासमोरचं आपलं श्री दिगंबर जैन लाल मंदिर आणि त्याच्या आवारातलं पक्ष्यांचं रुग्णालय. माझ्या मते दिल्लीत आपल्या माणसांनी बघावी अशी पहिली जागा ही. पतंगाच्या मांजानं कापलेली कबुतरं, पंख्यात सापडलेले पोपट, चिमण्या, लोक पिशवीत, टोपलीत घालून आणतात. उपचार फुकट. धान्य खाणाऱ्या पक्ष्यांना दाखल करून घेतात. घार-गरुडासारख्या मांसाहारी पक्ष्यांवरही उपचार करतात, फक्त त्यांना आत ठेवून घेत नाहीत, मलमपट्टी करून पाठवतात. या नियमावरून आमच्या घरी पूर्ण संध्याकाळ चर्चा झाली. यांना तो अन्याय वाटला. सासूबाई म्हणाल्या, "घारीला ठेवली तर तिला खायला काय घालणार? आणि शेजारच्या पिंजऱ्यातल्या कबुतराला काय वाटेल?" चर्चा संपली. मंदिरात जाताना चामड्याचं पाकीट, पट्टा नको, खोलीवरच ठेवून जायचं.

गुरुवार, लाल किल्ला. तिकीट आधीच ऑनलाइन काढायचं, मोबाईलवरचा कोड दाखवायचा, खिडकीची रांग टळते. किल्ल्यात चालणं पुष्कळ, म्हणून हा दिवस पुरता त्यालाच. येताना जमलं तर धरमपुऱ्यातलं नया मंदिर. 'नया' म्हणतात, पण ते १८०७ सालचं आहे. आतल्या संगमरवरी वेदीवरचं जडावकाम बघण्यासारखं आहे.

शुक्रवार, राष्ट्रपती भवनाची बाग. पूर्वीचं मुघल गार्डन, २०२३ पासून अमृत उद्यान. वर्षभर बघता येत नाही, फेब्रुवारी-मार्चमध्ये काही आठवडे सर्वांसाठी खुलं होतं, सोमवारी बंद. प्रवेश फुकट, पण तास ठरवून राष्ट्रपती भवनाच्या संकेतस्थळावर नाव नोंदवायचं. तारखा जाहीर झाल्या की लगेच करायचं, सुट्टीच्या दिवसांचे तास भराभर जातात. नोंदवलेलं ओळखपत्रच बरोबर न्यायचं. आत जायचं ते ३५ नंबरच्या दरवाजानं. मी बाराचा तास धरणार, जेवून निघायला सोयीचा. आमच्या परसातली जास्वंद आणि गवती चहा सांभाळणाऱ्या बाईला ट्युलिप दाखवायचे आहेत मला.

शनिवारी दुपारी परतीची गाडी. कुतुबमिनार मंगळवारच्या दुपारी बसतो का ते वन्सं बघताहेत. तिथल्या मशिदीच्या दारावरच्या फारसी लेखात सत्तावीस मंदिरांचं सामान वापरल्याचं लिहिलेलं आहे, आणि खांब नीट बघितले तर काहींवर आपल्या तीर्थंकरांच्या लहान मूर्ती अजून ओळखू येतात. जवळच मेहरौलीत अहिंसा स्थळ आहे, टेकडीवर भगवान महावीरांची मोठी पद्मासनस्थ मूर्ती. मेट्रो आहे, बायकांचा डबा वेगळा आहे. पण मंगळवारी सासूबाई दमलेल्या असतील, तेव्हा तिथे वन्सं आणि हेच जातील असं दिसतंय.

बाहेर खायची वेळ आलीच तर एक सांगून ठेवते. आपल्याकडे हॉटेलात 'जैन' म्हटलं की पोराला कळतं. उत्तरेत "बिना प्याज-लहसुन" म्हटलं की कांदा-लसूण खरंच काढतात, पण बटाटा तसाच, गाजर तसंच, आलं तर असतंच. पराठेवाली गलीत कांदा-लसूण नसतो म्हणून आपल्या बायका निर्धास्त शिरतात आणि ताटात बटाट्याचा नाहीतर मुळ्याचा पराठा. तेव्हा "आलू, मूली, गाजर, अदरक, ज़मीन के नीचे का कुछ भी नहीं" असं पूर्ण वाक्य पाठ करून जा. विमानानं जाणाऱ्यांनी जैन जेवण तिकीट काढतानाच मागून घ्यावं. आत बसल्यावर मागून मिळत नाही.

वन्संना सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. सव्वासहाला आपलं सगळं आटोपलेलं असतं. बाकीचे प्रवासी तेव्हा कुठे जेवायचं म्हणून फिरत असतात. आपल्याला ना हॉटेल शोधायचं, ना रांगेत बसायचं. मग इंडिया गेटचे दिवे बघा, लाल किल्ल्यातला ध्वनी-प्रकाशाचा कार्यक्रम बघा (त्याचंही तिकीट ऑनलाइन), चांदणी चौकात चालत फिरा. सासूबाई आरतीला लाल मंदिरात, आम्ही बाहेर. वन्संनी त्या संध्याकाळींमध्ये आपली निम्मी यादी परत घुसवली आहे.

तर हा सगळा कागद मी मागच्या आठवड्यात सासूबाईंपुढे ठेवला. प्रत्येक दिवसापुढे तीन वेळा लिहिलेल्या: पहिलं पाणी, शेवटचं ताट, सूर्यास्त. त्यांनी चष्मा लावला, सावकाश वाचला. थर्मासच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "पाणी सहाला उकळ, साडेसहाला नको." मला त्यातच उत्तर मिळालं, पण मी गप्प राहिले.

दोन दिवसांनी सकाळी पूजा करून आल्या आणि दारातूनच विचारलं, "दिल्लीपासून हस्तिनापूर किती लांब?"

शंभरेक किलोमीटर, मेरठच्या पुढे. शांतिनाथ, कुंथुनाथ, अरनाथ या तीन तीर्थंकरांची जन्मभूमी. आदिनाथ भगवंतांना श्रेयांस राजानं उसाच्या रसाचा पहिला आहार दिला तेही तिथेच. "उसाच्या मुलखात जन्म काढला," त्या म्हणाल्या, "ते गाव बघितलेलं नाही."

म्हणजे शनिवारी पहाटे गाडी ठरवून निघायचं, तिथे दर्शन, तिथेच जेवण, पाचच्या आत दुसरं ताट आणि मग परत. जंबूद्वीपाच्या भोजनशाळेत आज दुपारी फोन करणार आहे. धर्मशाळेत एक रात्र वाढवून मागितली, मिळाली. परतीचं तिकीट सुदैवानं अजून काढलेलं नव्हतं. जाण्याच्या तिकिटानंतर सहा दिवसांनी त्याचे ६० दिवस भरत होते. आता शनिवारऐवजी रविवारचं, म्हणजे आणखी एक दिवस थांबायचं. परवा सकाळी आठला मी या मोबाईलवर आणि हे लॅपटॉपवर, दोन तिकिटं, दोघी-दोघांची. आणि सोमवारचं पाणी दिल्लीत रविवारी कुठे उकळून घ्यायचं, ते सासूबाईंनी मला आत्ताच विचारून ठेवायला सांगितलंय.